चौथा कोपरा

एरवी चित्र आलं की बाई नुसतं 'चित्र' म्हणायची आणि पुढच्या ओळीवर जायची. कधी त्यामागे अक्षरांची आणि आकड्यांची एक लांबलचक माळ वाचायची, कारण फोटोच्या फाइलला कुणी धड नाव दिलेलं नसायचं आणि जे लिहिलंय ते वाचण्यावाचून बाईला गत्यंतर नव्हतं. त्या दिवशी सकाळी मात्र ती आपल्या कधी न दमणाऱ्या, कधी न चिडणाऱ्या आवाजात म्हणाली, "चित्र. कारखान्याची इमारत. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून धूर येतो आहे. खिडकीच्या चौकटीत एक माणूस बसला आहे आणि बुटाची नाडी बांधतो आहे. खाली तीन माणसं एक मोठं कापड ताणून उभी आहेत. कापडाचा चौथा कोपरा जमिनीवर लोळतो आहे. डाव्या कडेच्या माणसाने कापडावरचा एक हात काढून छायाचित्र घेणाऱ्याच्या दिशेने पुढे केला आहे. लिंक, पुढील छायाचित्र. लिंक, शेअर करा. बटण, जाहिरात बंद करा." खालच्या बाणाच्या कळीवर त्याचं बोट होतं, ते तिथंच राहिलं. चहा गार झाला. बाई गप्प झाली होती, कारण कळ दाबल्याशिवाय ती बोलत नसे.

बाई म्हणजे त्याच्या कंप्युटरमधला स्क्रीन रीडर. पडद्यावर जे उमटेल ते वाचून दाखवायचं, एवढंच तिचं काम. आवाज बाईचा, म्हणून बाई. बायको तिला 'माझी सवत' म्हणायची आणि सकाळी कप त्याच्या उजव्या हाताशी ठेवताना विचारायची, "काय म्हणते आज सवत?" तो म्हणायचा, "तुझ्यापेक्षा कमी बोलते." हे अर्थातच खोटं होतं. बाईचा वेग त्यानंच वाढवत वाढवत इतका नेला होता की घरी आलेल्या पाहुण्याला कुणी बोलतंय की डब्यातून डाळ सांडतेय हे कळत नसे. त्याला मात्र शब्दन् शब्द कळायचा. एक कळ दाबली की मथळ्यावरून मथळ्यावर उडी, दुसरी दाबली की चित्रावरून चित्रावर. अग्रलेख भरधाव, निधनवार्ता हळू, हवामान अजिबात नाही. सदतीस वर्षं वर्तमानपत्राच्या कचेरीत घालवलेल्या माणसाला पेपर वाचल्याशिवाय दिवस उजाडला असं वाटत नाही, आणि डोळे गेले म्हणून ती सवय जात नाही. जित्याची खोड, असं बायको म्हणायची आणि म्हण अर्धीच सोडायची, कारण उरलेल्या अर्ध्या म्हणीत मरण होतं.

डोळे गेले ते काचबिंदूने. आधी कडा गेल्या. बायको डावीकडून आली की दचकायला व्हायचं, दाराची चौकट खांद्याला लागायची, आणि तरी त्याला कितीतरी महिने काही गैर वाटलं नाही, कारण एक डोळा मिटून कॅमेऱ्याच्या चौकटीतून बघण्यातच त्याचं आयुष्य गेलं होतं. कचेरीत त्याला सगळे 'एकडोळे' म्हणत. नवा शिपाई तर ते त्याचं आडनावच समजून टपालावर लिहायचा. चौकट लहान होत होत नाण्याएवढी झाली, मग सुईच्या नेढ्याएवढी, आणि एका दुपारी तीही गेली. त्यानंतर त्याने फोटोंचं नाव काढलं नाही. बक्षिसं बायकोने कपाटात ठेवली. पेपर ऐकताना चित्राची कळ तो दाबतच नसे. मिठाईच्या दुकानासमोरून मधुमेहाच्या माणसाने तोंड फिरवून जावं, तसा तो चित्रांवरून जायचा.

आणि मग तीनेक महिन्यांपूर्वी पेपरने कुणाला तरी चित्रांची, फक्त स्क्रीन रीडरला वाचता येतील अशी वर्णनं लिहायला बसवलं. पहिल्यांदा चुकून कळ दाबली गेली आणि बाई म्हणाली, "चित्र. रिकाम्या मैदानात एकच खुर्ची. तिची सावली खुर्चीपेक्षा लांब आहे." तो हसला. सावली लांब आहे म्हणजे ऊन तिरकं, म्हणजे फोटोग्राफर वेळेवर उठला होता. दुसऱ्या दिवशी त्याने मुद्दाम कळ दाबली. लिहिणारी कुणी मुलगी असावी असं त्यानं ठरवून टाकलं. ठरवायला कारण काही नव्हतं. ती उगाच शोभा करत नसे. 'सुंदर', 'हृदयद्रावक' असले शब्द तिच्या तोंडी नव्हते. कोण कुठं उभं आहे, उजेड कुठून येतो, हात काय करतात, हे सांगून ती गप्प बसायची. शिकाऊ पोरांना तो वर्षानुवर्षं हेच ओरडून सांगत आला होता: हात बघा, तोंडं काय, तोंडं खोटं बोलतात. पाच वर्षांनी त्याला पुन्हा दिसायला लागलं, असंच म्हणायला हवं. तो सकाळची वाट बघू लागला.

म्हणून जेव्हा पेपरने आपल्या जुन्या संग्रहातली शंभर छायाचित्रं रोज पाच-पाच करून द्यायला सुरुवात केली, तेव्हा आपला फोटो येणार हे त्याला ठाऊक होतं. तो यायलाच हवा होता. 'बुटाची नाडी बांधणारा माणूस' म्हटलं की त्या पेपरचे जुने वाचक अजून मान हलवत. आग लागलेल्या रंगाच्या कारखान्याच्या खिडकीत बसून, उडी मारण्यापूर्वी, एक माणूस निवांतपणे बुटाची नाडी बांधतो आहे. बस, एवढाच फोटो. केवढं लिहिलं गेलं त्याच्यावर! मरणासमोरची शांती, कष्टकऱ्याचा ताठा, काय आणि काय. लहान मुलासारखा तो तीन दिवस वाट बघत होता, ही मुलगी आपला फोटो कसा सांगते म्हणून. नाडीची गाठ तिला दिसेल का, खिडकीच्या काचेतलं आगीचं प्रतिबिंब दिसेल का. तारीफ ऐकायला कान टवकारून बसलेल्या माणसाच्या कानफटात बसावी, तसं झालं.

कारण छापून आला होता तो फोटोचा वरचा अर्धा भाग. खिडकी, धूर, माणूस, बूट. खालचं काही छापलं गेलं नव्हतं, कधीच नाही. पुस्तकात नाही, प्रदर्शनात नाही. आता कुणीतरी जुनी निगेटिव्हं यंत्रात घालून जशीच्या तशी चढवली असणार, कडेपासून कडेपर्यंत, आणि त्या मुलीने जे दिसलं ते लिहिलं. तिचं तरी काय चुकलं? त्याने बाईचा वेग कमी केला. आणखी कमी केला. एकेक शब्द सुटा होऊन पडू लागला. डाव्या. कडेच्या. माणसाने. त्याला त्या माणसाचं तोंड आठवत नव्हतं, पण आवाज आठवत होता. "ओ! ओ कॅमेरावाले! धरा की!" असा आवाज होता. ताडपत्री ओली होती, रंगाचे डाग पडलेली, जड. तिघांच्याने ती ताणली जात नव्हती. चौथा जो होता तो खोकत खोकत मागे जाऊन बसला होता. आणि तो स्वतः व्ह्यूफाइंडरमधून बघत होता की वरचा माणूस पायावर पाय टाकून नाडी बांधतोय, आणि आयुष्यात असं एकदाच दिसतं हे त्याला त्या क्षणी कळलं होतं. त्याने फोटो घेतला. फिल्म पुढे सरकवली. अजून एक घेतला. कॅमेऱ्याला पट्टा असतो. पट्टा गळ्यात असला की कॅमेरा सोडून दिला तरी पडत नाही; दोन्ही हात मोकळे होतात. हे शिकाऊ पोरांना त्यानंच शिकवलं होतं. माणसाने उडी मारली तेव्हा ताडपत्री मोकळ्या कोपऱ्याकडे कलंडली आणि तो तिच्यावरून घसरून फरशीवर पाठीवर पडला. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात वारला.

'खाली कुणी नव्हतं.' हे वाक्य पहिल्यांदा तो कधी बोलला ते त्याला सांगता आलं नसतं. बहुधा संपादकांनी विचारलं असेल. मग ते वाक्य त्याच्याबरोबर राहायला आलं. भाषणांत, मुलाखतीत, पोरांच्या वर्गात. "खाली कुणी नव्हतं, मी रस्त्याच्या पार पलीकडे होतो, करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी जे येत होतं ते केलं." टाळ्या पडत. एकदा एका मुलीने वर्गात हात वर करून विचारलं होतं, "सर, पण मग त्याने उडी कशाच्या भरवशावर मारली?" तो म्हणाला, "आगीच्या." वर्ग गंभीर झाला. चांगलं उत्तर होतं. मेलेल्या माणसाचा थोरला भाऊ महिन्याभराने कचेरीत आला होता, फोटोची प्रत मागायला. त्याने स्वतः मोठी प्रत करवून, पुठ्ठ्यावर चिकटवून दिली. भाऊ बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "घाई नव्हती बघा त्याला कधी. लहानपणापासून असाच." मग भावाने त्याचा हात दोन्ही हातांत धरून दाबला. तो दाब त्याला आत्ता, खुर्चीत बसल्या बसल्या, बोटांवर जाणवला. त्याला स्वतःची किळस आली.

"चहा तसाच आहे की," बायको मागून म्हणाली. "काय, सवतीशी भांडण झालं?"

"नाही. गरम करून दे."

तिने कप उचलला. ती जाईपर्यंत तो श्वास धरून बसला आणि मग इअरफोन चाचपून कानांत घातले. तिने ऐकलं तर? पण ऐकून तिला नवीन काय कळणार होतं, हा प्रश्न त्याने एक्केचाळीस वर्षं बाजूला सारला होता. तेव्हा ती त्याची बायको नव्हती. कचेरीच्या डार्करूममध्ये प्रती काढायला होती. लाल उजेडात हायपोच्या, फोटो पक्का करायच्या रसायनाच्या, वासात उभी राहून दिवसाला पन्नास-साठ प्रती काढायची. त्यानं कॉन्टॅक्ट शीटवरच्या, म्हणजे अख्ख्या रोलचे छोटे ठसे असलेल्या कागदावरच्या, त्या इवल्या चित्राच्या अर्ध्यावर लाल पेन्सिलीने आडवी रेघ मारली आणि कागद तिच्यापुढे सरकवला. "एवढंच. वरचं." तिने मान हलवली आणि फोटो मोठा करायच्या एन्लार्जरकडे वळली. तासाभराने ओली प्रत चिमट्याला लावून बाहेर आली. दीड वर्षाने त्यांचं लग्न झालं. तिने कधी विचारलं नाही, म्हणजे तिला दिसलं नसावं, असं त्याने धरून ठेवलं होतं. पन्नास प्रतींच्या घाईत कोण रेघेखालचं बघतंय? या धरून ठेवण्यावर त्याचा संसार उभा होता, असं म्हटलं तर जास्त होईल. पण त्याची झोप उभी होती.

त्याने पत्र लिहायला घेतलं. पेपरच्या पानाच्या तळाशी 'तक्रार व सूचना' अशी लिंक होती. टाइप करताना प्रत्येक शब्द बाई परत म्हणून दाखवायची, चूक कळावी म्हणून ती सोय होती. "हे छायाचित्र मी घेतलेले आहे," त्याने लिहिलं, आणि बाईने ते म्हटलं. "त्याच्या वर्णनात चूक आहे. डावीकडे जे दिसते तो हात नाही." नाही, बाई म्हणाली. "ती ताडपत्रीची घडी आहे. कृपया ते वाक्य काढून टाकावे." काढून. टाकावे. स्वतःचं खोटं दुसऱ्याच्या तोंडून, एकेक शब्द करून, कानात ऐकणं काय असतं ते त्याला नव्याने कळत होतं. खाली त्याने नाव लिहिलं, फोन नंबर लिहिला, आणि पाठवून दिलं. मग त्याला बरं वाटेल अशी तो वाट बघत बसला. गणित सरळ होतं. वर्णन वाचणारे कोण, तर ज्यांना दिसत नाही ते. त्यांना ताडून बघता येत नाही. ज्यांना दिसतं ते वर्णन वाचत नाहीत, आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या फोटोच्या कोपऱ्यात कोण डोळे खुपसतंय. एक वाक्य निघालं की संपलं. झाकली मूठ.

तो दिवस काही सरेना. जेवताना त्याने दोनदा पाणी सांडलं. बायकोने पुसलं. दुपारी तो आडवा झाला आणि त्याला दिसलं, म्हणजे आंधळ्याला जसं दिसतं तसं दिसलं, की तो त्याच चौकात उभा आहे आणि ताडपत्री त्याच्याकडे येते आहे. तो अंतर मोजायला गेला आणि मोजता येईना. भाषणांत तो रस्त्याच्या पार पलीकडे असायचा. मुलाखतीत एकदा समोरच्या गच्चीवर होता. दर वर्षी तो थोडा थोडा मागे सरकत गेला होता, आणि आता मुळात कुठं होतो तेच हाती लागत नव्हतं. खाली माणसं होती, ताडपत्री होती, एक हात होता. एवढं एका अनोळखी मुलीने सांगितलं. पण आपण कुठं होतो? ते फोटोत नव्हतं. फोटो घेणारा फोटोत नसतो, याचा त्याला जन्मभर केवढा आधार वाटला होता!

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास फोन आला. बायको त्याच खोलीत इस्त्री करत होती. कपड्यांवर मारलेल्या पाण्याचा आणि तापल्या कापडाचा वास येत होता. फोनचा स्पीकर नेहमीप्रमाणे चालू होता, कारण कानाला लावून धरायचा त्याला कंटाळा होता, आणि तो बंद करायची कळ घाईत सापडेना.

"सर, मी पेपरमधून बोलतेय. फोटोंची वर्णनं मी लिहिते." मुलगीच होती. आवाज पातळ, थोडा घाबरलेला. "तुमचं पत्र मिळालं. आधी सांगते सर, मी तुमच्या फोटोंची फॅन आहे. आमच्या वर्गात तुमचा फोटो लावलेला होता."

"बरं," तो म्हणाला. "काढलं का वाक्य?"

"काढते ना सर. तुम्हीच घेतलाय म्हटल्यावर प्रश्नच नाही. फक्त..." ती थांबली. "मी काल परत मोठा करून बघितला. खूप मोठा केला. मला पाच बोटं दिसतात. मी मोजली. पण जुना फोटो आहे, मोठा केला की चित्राचे दाणे फुटतात, माझी चूक असू शकेल. आणि दुसरं म्हणजे, राग मानू नका, मी नुसतं 'कापड' लिहिलं होतं. ते कसलं कापड आहे हे फोटोत कळतच नाही. तुम्ही ताडपत्री म्हणालात."

इस्त्री खाली ठेवल्याचा आवाज आला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. कुणी न विचारता त्याने स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं.

"मुलाखतीत तुम्ही म्हणालात की खाली कुणी नव्हतं," मुलगी हळूच म्हणाली. "मी तुमचं भांडं वगैरे फोडायला नाही फोन केला, सर. खरंच नाही. तुम्ही सांगाल तेच लिहीन. एवढंच, की हे ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी असतं. ते माझ्यावर विसंबतात. म्हणून मला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. तो हात आहे की नाही?"

आता 'नाही' म्हटलं की झालं. एक शब्द. मुलगी आभार मानेल, वाक्य जाईल, फोटो पुन्हा अर्धा होईल, आणि तो होता तसा राहील, बक्षिसांसकट, भाषणांसकट, त्या भावाने दाबलेल्या हातासकट. शब्द ओठांवर आलाच होता. पण ज्यांना दिसत नाही, असं ती म्हणाली होती, आणि त्यांच्यातच तो होता. तीन महिने हिच्या डोळ्यांनी त्याने जग बघितलं होतं. ती म्हणाली खुर्चीची सावली लांब आहे, आणि त्याने निमूट मानलं होतं. तिला आज खोटं शिकवलं तर उद्या सकाळी कळ दाबून तो काय ऐकणार होता? खोलीत बायको उभी होती, तिच्या श्वासावरून ती कुठं उभी आहे ते त्याला कळत होतं. तिच्यासमोर. नेमकं तिच्यासमोर.

"हात आहे," तो म्हणाला.

त्याने फोन तोंडाजवळ ओढला.

"तो मला बोलावत होता. ताडपत्री धरायला. चौथा कोपरा धरायला माणूस नव्हता. मी गेलो नाही. मी फोटो घेतला, मग आणखी एक घेतला. पत्रात लिहिलं ते खोटं आहे." आता थांबता येत नव्हतं. "वाक्य काढू नका. उलट पुढे लिहा की फोटोग्राफर जवळच उभा होता."

"सर, वर्णनात फक्त दिसतं तेच लिहायचं असतं," मुलगी म्हणाली. ती रडत होती की काय कोण जाणे. "फोटोग्राफर दिसत नाही ना. पण फोटोखालच्या मजकुरात घालता येईल. तुमच्या नावाने. तिथं सगळेच वाचतील, दिसणारे पण. चालेल?"

"चालेल."

"मग नीट सांगा, मी लिहून घेते. जवळ म्हणजे किती जवळ?"

तो आठवू लागला. चौक, ओली फरशी, ताडपत्रीचा लोळणारा कोपरा. रस्त्याच्या पलीकडून तो स्वतःला ओढत ओढत अलीकडे आणत होता. आता खोटं बोलायचं नव्हतं, पण खरं त्याच्याजवळ शिल्लक नव्हतं.

"दहा पावलं," तो म्हणाला. "दहा असतील. दहा लिहा."

"चार," बायको म्हणाली.

त्याने तोंड तिच्या दिशेला वळवलं.

"दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ण फोटोची प्रत घेऊन गेले होते मी तिथं," ती म्हणाली. "खिडकी जिथून तशी दिसते तिथं उभी राहिले आणि तो कोपरा लोळत होता तिथपर्यंत चालत गेले. चार पावलं होती."

इस्त्री पुन्हा कापडावरून फिरू लागली. फोनमध्ये मुलगी विचारत होती, "सर? सर, काय लिहू?"

"चार लिहा," तो म्हणाला.